पाऊस कोयनेला, पूर सांगलीला

जुलै-ऑगस्टात सांगलीतला माणूस आभाळाकडे कमी आणि मोबाइलकडे जास्त बघतो. गावात लख्ख ऊन पडलेलं असतं आणि तरी आयर्विन पुलाखाली पाणी चढत असतं. पाऊस पडतो महाबळेश्वर-नवजाला, भरतं कोयना धरण. विसर्ग सुटला की कराडच्या प्रीतिसंगमावर ते पाणी कृष्णेत मिसळतं आणि काही तासांनी इथल्या घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडायला लागतात. म्हणून पूर आला की इथे कुणी गावातल्या पावसाला बोल लावत नाही. पहिला प्रश्न असतो, "कोयनेतून किती सोडलंय?"

कॉम्प्युटर बंद पडायला लागला की मात्र हाच शहाणपणा कुठे जातो कळत नाही. गेम खेळताना पडदा काळा झाला, दोन सेकंदांनी परत आला, कोपऱ्यात 'डिस्प्ले ड्रायव्हर बंद पडला होता, पुन्हा सुरू झाला' अशा अर्थाची ओळ आली, की निदान ठरलेलं: ग्राफिक्स गेलं. मग ड्रायव्हर काढा, ड्रायव्हर घाला, विंडोज फॉरमॅट मारा. चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी तेच. कारण पडद्यावर दिसला तो सांगलीतला पूर. कोयनेकडे कुणी बघितलंच नाही.

ज्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सवरच सगळं चालतं, आणि वर ज्याचा वेग कंपनीने ठरवून दिल्यापेक्षा वाढवलेला, म्हणजे ओव्हरक्लॉक केलेला आहे, त्याच्या बाबतीत तर हे शंभर टक्के खरं. असं मशीन आपल्याकडे घरोघरी आहे. बोलायला सोयीचं म्हणून एक नमुना धरू: एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी४५० किंवा बी५५० चा मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम, डब्यात आलेलाच पंखा आणि कॅबिनेटबरोबर स्वस्तात मिळालेला एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. हा प्रोसेसर २०२१ साली बाजारात आला. ६ कोर, १२ थ्रेड, ६५ वॅटचा वर्ग, आणि त्याच सिलिकॉनच्या तुकड्यावर व्हेगा ७ नावाचं ग्राफिक्स, कंपनीच्या हिशेबाने १९०० मेगाहर्ट्झवर चालणारं.

वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी असते, स्वतःचा वीजपुरवठा असतो, स्वतःचा पंखा असतो. ते वेगळं बिऱ्हाड. व्हेगा ७ मात्र एकत्र कुटुंबात राहतं. मेमरी तीच, जी विंडोज वापरतं. पंखा तोच. आणि वीज? मदरबोर्डवर 'एसओसी' नावाची जी व्होल्टेजची लाइन असते, तिच्यावर रॅमचा कंट्रोलरही चालतो आणि हे ग्राफिक्सही. एका ताटात दोघं जेवायला बसलेत. एकाने हात मारला की दुसऱ्याचा घास कमी होतो, आणि ओरडतो तो बहुतेक वेळा ज्याची चूक नाही तो.

अशा मशीनवर लोक वेग कशाचा वाढवतात? बहुतेक वेळा रॅमचा, आणि ते बरोबरच आहे. डीडीआर४-३२०० जातीच्या रॅमच्या दोन पट्ट्या दोन चॅनलमध्ये असल्या तर सेकंदाला ५१.२ जीबी डेटा वाहतो. एकच पट्टी असेल तर निम्मा, २५.६. हेच पात्र प्रोसेसरच्या कोरनाही पुरायचं आणि ग्राफिक्सलाही. रॅम ३६०० वर नेली की ५७.६, म्हणजे साडेबारा टक्के वाढ. ग्राफिक्सचा वेग १९०० वरून २३०० केला तर कागदावर २१ टक्के दिसतात, पण पात्र तेवढंच अरुंद राहिलं तर तेवढे फ्रेम हाती लागत नाहीत. त्यामुळे दुसरी पट्टी घालणं हे कुठल्याही ओव्हरक्लॉकपेक्षा मोठं काम आहे. हे आधी सांगून टाकलेलं बरं, कारण एका पट्टीवर ग्राफिक्सच्या २४०० मेगाहर्ट्झचा अट्टहास करणारे खूप.

इथेच एक गैरसमज. "आम्ही काही ओव्हरक्लॉक वगैरे केलेलं नाही, फक्त एक्सएमपी चालू आहे" हे वाक्य दुकानात रोज ऐकू येतं. एक्सएमपी म्हणजे रॅम बनवणाऱ्याने पट्टीवर लिहून ठेवलेलं ओव्हरक्लॉकच. डीडीआर४ चं ठरलेलं व्होल्टेज १.२, एक्सएमपीचं बहुधा १.३५. पट्टीने वचन दिलं म्हणून प्रोसेसरचा कंट्रोलर ते पाळायला बांधलेला नाही. ५६००जी ला ३२०० अधिकृतपणे चालतं. पण जुन्या ३२००जी ची अधिकृत मर्यादा २९३३ आहे. त्याच पट्ट्या, तोच वेग, एका मशीनवर नियमात आणि दुसऱ्यावर नियमाबाहेर. चार पट्ट्या लावल्या तर कंट्रोलरवरचा भार आणखी वाढतो आणि ही मर्यादा खाली येते.

आता उपाय. पहिलं काम कुणालाच आवडत नाही, म्हणून ते वगळलं जातं: सगळं मागे घ्यायचं. आधी बायोसच्या, म्हणजे मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगच्या, प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढायचा. मग बायोस मूळ स्थितीत. मेनूमधून होत नसेल तर मशीन बंद करून भिंतीतली पिन काढायची, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यायची, आणि बोर्डावरचा सीआर२०३२ चा सेल पाचेक मिनिटं काढून ठेवायचा. बोर्डावर बायोस पुसण्याच्या दोन पिना असतात, त्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडल्या तरी चालतं. पण एवढ्याने सगळं मागे गेलं असं समजू नये. वेग बदलायचं एएमडीचं साधन रायझन मास्टर किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरबरोबर येणारं एड्रेनालिन यांच्या आत वेगळी सेटिंग साठवलेली असते, बायोस पुसून ती जातेच असं नाही. आणि विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करायचं. ते चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, झोपतो. ड्रायव्हरची बिघडलेली अवस्था दुसऱ्या दिवशी तशीच उठते.

मूळ स्थितीत मशीन दोन-तीन दिवस नेहमीसारखं वापरायचं. तरीही बंद पडलं तर ओव्हरक्लॉकचा गुन्हा नाही, आजार वेगळा आहे आणि पुढची निम्मी मेहनत वाचली. बंद पडलं नाही तर आपला गुन्हेगार आपणच बदललेल्या चार-पाच आकड्यांत बसलाय, हे नक्की.

मधल्या दिवसांत जुन्या नोंदी वाचायच्या. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' असतो. तिथे सगळ्यात जास्त दिसते ती 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद, आणि तिचाच अर्थ सगळ्यात जास्त चुकीचा लावला जातो. नावात पॉवर आहे म्हणून लोक एसएमपीएस बदलून मोकळे होतात. ती नोंद एवढंच सांगते की मशीन मागच्या वेळी नीट बंद झालं नव्हतं. तो पंचनामा झाला, शवविच्छेदनाचा अहवाल नव्हे. कामाच्या नोंदी दुसऱ्या आहेत. 'डिस्प्ले ४१०१' म्हणजे ग्राफिक्सने उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने ड्रायव्हर उठवून पुन्हा बसवला. ग्राफिक्स दोन सेकंद गप्प राहिलं की विंडोज हे करतं. साठ सेकंदांत पाच वेळा असं झालं तर मग निळा पडदा. ही दोन सेकंदांची मुदत रजिस्ट्रीत जाऊन आठ-दहा करायचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने काळा पडदा कमी वेळा येईल, दुखणं तिथेच राहील. मोजपट्टीवरचा धोक्याचा आकडा वर सरकवून पूर ओसरत नाही.

'व्हिया-लॉगर १८' दिसलं तर ते हार्डवेअरनेच कबूल केलेलं आहे. त्या नोंदीत खाली 'एपीआयसी आयडी' म्हणून एक आकडा असतो. तो दोनने भागायचा. ० आणि १ म्हणजे पहिला कोर, २ आणि ३ म्हणजे दुसरा, असं ११ पर्यंत. दर वेळी ६ किंवा ७ च येत असेल तर चौथा कोर कमी व्होल्टेजवर उपाशी आहे. कर्व्ह ऑप्टिमायझर या बायोसमधल्या कोरचं व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगमध्ये सगळ्या कोरना सरसकट उणे ३० देऊन टाकलेल्या मशीनवर हे हमखास दिसतं. मजा अशी की असं मशीन जड चाचणीत पास होतं आणि कुणी नुसतं पान वर-खाली सरकवत बसलेलं असताना पडतं. जड भाराखाली कोर आपला वेग कमी ठेवतात. हलक्या कामात एकटा कोर ४.४ गीगाहर्ट्झला उडी मारतो आणि नेमकं त्या उडीला व्होल्टेज पुरत नाही. त्यासाठी कोरसायक्लरसारखं एकेका कोरला पाळीपाळीने पळवणारं साधन लागतं. सापडला दोषी, की फक्त त्या कोरचं उणे ३० चं उणे २० करायचं, बाकीच्यांना शिक्षा कशाला.

निळ्या पडद्यावरचे शब्दही वाचावेत. त्यासाठी 'आपोआप रीस्टार्ट' बंद करून ठेवायचं, म्हणजे पडदा थांबतो. 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' आलं तर ग्राफिक्स उठलंच नाही. 'व्हिया अनकरेक्टेबल एरर' आलं तर व्होल्टेज, उष्णता किंवा वेग. 'मेमरी मॅनेजमेंट', 'पेज फॉल्ट' वगैरे आलं तर रॅमकडे वळायचं. आणि दर वेळी वेगळाच शब्द येत असेल तर जवळजवळ डोळे मिटून रॅम. चुकीचा एक बिट कुणाच्या वाट्याला जाईल याचा नेम नसतो. आज ब्राउझर पडतो, उद्या झिपची फाइल उघडत नाही, परवा गेममध्ये डोंगराच्या जागी रंगीत चौकोन. ते चौकोन बघून पुन्हा 'ग्राफिक्स गेलं'. अहो, ग्राफिक्सने त्याच रॅममधून डोंगर उचललाय, आणि तो तिथेच मोडलेला होता.

शब्दच न येता खटकन अंधार झाला, पंखे बंद, तर एसएमपीएस किंवा बोर्डावरचा वीजपुरवठा. तो इथे एकदाच बोलून घेऊ. ५६००जी ची मर्यादा वाढवलेली नसेल तर प्रोसेसर ८८ वॅटला अडतो. सगळं मशीन दीडशे वॅटच्या आत असतं. म्हणजे डब्यावर ४५० लिहिलंय की ५०० याला फारसा अर्थ नाही, बारा व्होल्ट बाराच राहतात का याला आहे. भार चालू असताना चार पिनांच्या जुन्या जोडणीवर मल्टिमीटर लावायचा, पिवळी आणि काळी तार. ११.४ ते १२.६ मध्ये हवं. ११.५ दिसत असेल आणि भार वाढला की आणखी खाली झुकत असेल, तर पुढचं काहीच करू नका, आधी एसएमपीएस बदला. संध्याकाळी सातनंतरच बंद पडणारं मशीन असेल तर घरातलं व्होल्टेजही त्या वेळी मोजून बघा. इन्व्हर्टरवर चालत असेल तर त्याचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे का पाहा. लाइट गेल्यावर चांगला एसएमपीएस जेमतेम सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो, साध्या मोडमधल्या इन्व्हर्टरला बदलायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो.

बोर्डाच्या खोक्यावर ४+२ किंवा ८+२ फेज असं लिहिलेलं असतं. फेज म्हणजे बोर्डावरच्या वीजपुरवठ्याचा एकेक भाग. लोक पहिला आकडा बघून बोर्ड घेतात. पहिला आकडा कोरचा, दुसरा एसओसीचा. ग्राफिक्स पोटात असलेल्या प्रोसेसरला राबवायचं असेल तर घाम गाळतात ते हे शेवटचे दोन, आणि स्वस्त बोर्डावर नेमकं त्यांच्याच डोक्यावर हीटसिंक नसतं. त्यात कुणीतरी हौसेने उंच टॉवरचा कूलर बसवतो. डब्यातला मूळ पंखा वारा खाली बोर्डावर फेकतो, त्याने या फेजही थोड्या गार राहतात. टॉवर वारा आडवा नेतो. प्रोसेसर दहा अंशांनी थंड आणि बोर्ड वीस अंशांनी गरम, असा उलटा सौदा होऊ शकतो. बऱ्याच बोर्डांना तिथे सेन्सरही नसतो. कोविडच्या काळात घरोघरी आलेली कपाळाची थर्मामीटर गन इथे चालत नाही, ती बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर आकडाच दाखवत नाही. कारखान्यात वापरतात ती गन लागते. ती नसेल तर बाजूचं झाकण काढून टेबलफॅन समोर लावायचा आणि तीच चाचणी पुन्हा चालवायची. फॅन लावल्यावर मशीन टिकलं तर उत्तर मिळालं.

आता रॅम, कारण खरी कोयना बहुतेक वेळा इथेच असते.

पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत ना, हे आधी बघायचं. काढायच्या, सोनेरी पट्टीवरून स्वच्छ खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा, कण झटकून पुन्हा टक् आवाज येईपर्यंत बसवायच्या. हसू येईल, पण पावसाळ्याच्या दमटपणानंतर एवढ्यानेच सुधारलेली मशीन दर वर्षी निघतात. हळदीच्या गोदामांच्या आसपास तर कॅबिनेट उघडलं की आत पिवळट थर असतो. तो ब्लोअरने उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं.

मग रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन चालू करायचं. मोफत आवृत्ती चार फेऱ्या करते, १६ जीबीला रात्र जाते. सकाळी एकही चूक दिसली तर नापास. इथे पस्तीस मार्कांची सोय नाही. चूक दिसली की एकेक पट्टी एकटी, आधी एका खाचेत, मग दुसऱ्या खाचेत, पुन्हा. एकच पट्टी दोन्ही खाचांत चुका देत असेल तर पट्टी खराब. कुठलीही पट्टी एकाच खाचेत चुका देत असेल तर खाच, किंवा प्रोसेसरच्या पिना. दोन्ही पट्ट्या एकेकट्या पास आणि जोडीने नापास, तर दोष वेगाचा.

पण मेमटेस्टमध्ये पास झालं म्हणून रॅम सुटली असं नाही, आणि पोटातल्या ग्राफिक्सच्या मशीनवर सगळेजण फसतात ते इथे. मेमटेस्ट चालतो तेव्हा ग्राफिक्स जवळजवळ झोपलेलं असतं. कोरना राबवणारं प्राइम९५ चालवतो तेव्हाही. ग्राफिक्सला राबवणारं फरमार्क चालवतो तेव्हा कोर आरामात असतात. तिन्ही चाचण्या हिरव्या, आणि गेम वीस मिनिटांत पडतो. नदीचंही असंच आहे. कोयनेचं एकटं पाणी पात्रात मावून जातं. त्याच दिवशी हरिपूरच्या संगमावर वारणा फुगलेली असली की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, तुंबतं, आणि गावात शिरतं. म्हणून चाचणी दोघांची एकदम घ्यायची: प्राइम९५ चं 'लार्ज एफएफटी' किंवा रॅम तपासणारं टेस्टमेम५ एका बाजूला, आणि सुपरपोझिशन किंवा फरमार्क दुसऱ्या बाजूला, सलग एक तास. ओसीसीटीच्या 'पॉवर' चाचणीत हे दोन्ही आपोआप होतं. एसओसीची लाइन, रॅमचं पात्र आणि एकच पंखा, तिन्हींवर ताण एकाच वेळी येतो, तेव्हा खरं काय ते कळतं.

बाजूला एचडब्ल्यूइन्फो, म्हणजे तापमान-व्होल्टेज-वेग दाखवणारं साधन, चालू ठेवून नोंद फाइलमध्ये लिहायला लावायची, दर दोन सेकंदांनी. आयर्विनला चाळीस फुटांवर इशारा आणि पंचेचाळीसवर धोका हे आकडे सांगलीच्या पोरासोरांना पाठ असतात, आणि तरी जाणता माणूस आकड्यापेक्षा 'तासाला किती चढतंय' हे विचारतो. इथे तसंच बघायचं. ९५ अंशांना हा प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो, नुसत्या ९५ ने तो बंद पडायचं कारण नाही. पण बंद पडण्याच्या आधीच्या दहा ओळींत काय हललं? एसओसीचं व्होल्टेज भार आल्यावर खाली बसलं का? ग्राफिक्सचा वेग २३०० वरून एकदम घसरला का? ती फाइल शेवटच्या ओळीपर्यंत वाचली की अर्धे तर्क गळून पडतात.

दुरुस्ती एका वेळी एकच. क्रमही ठरलेला: आधी रॅम, मग फॅब्रिक (प्रोसेसरच्या आतले भाग एकमेकांना जोडणारा रस्ता), मग ग्राफिक्स, कोर सगळ्यात शेवटी. पाया हलत असताना वरचा मजला तपासून उपयोग नाही. रॅम ३६०० वर टिकत नसेल तर पहिला प्रश्न ३४६६ किंवा ३२०० वर टिकते का. टायमिंग, म्हणजे रॅम प्रत्येक कामाला किती वेळ घेते ते आकडे, १६-१८-१८-३८ असेल तर १८-२०-२०-४२ करून बघायचं, व्होल्टेज १.३५ चं १.३७, फार तर १.४०. रॅमला थोडी सवलत देणारा 'गिअर डाउन मोड' चालू राहू द्यायचा. फॅब्रिक रॅमच्या निम्म्यावर हातानेच लिहायचं, ३२०० ला १६००, ३६०० ला १८००. 'ऑटो'वर सोडलं तर बोर्ड कधी कधी दोघांचा मेळ मोडतो.

एसओसीचं व्होल्टेज हे या सगळ्यातलं नाजूक प्रकरण. मूळ स्थितीत भाराखाली किती दिसतं ते आधी लिहून ठेवायचं, मग ०.०२५ च्या पायरीने वर. रोजच्या वापरासाठी १.२ च्या आसपास थांबावं असं आमचं मत आहे. १.२५ च्या पुढे जायची गरज पडत असेल तर वेगच जास्त मागितलाय. आणि वाढवून सुधारत नसेल तर वाढवत बसू नये, कारण त्याच लाइनवर ग्राफिक्सही आहे, व्होल्टेज वाढलं की उष्णता वाढते आणि एका मर्यादेनंतर जास्त व्होल्टेजच मशीन पाडायला लागतं. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतात. तो थोडा पुढे नेला तर आवाज मिटतो, मागे नेला तरी मिटतो, मधल्या एका केसाएवढ्या जागेत तार बोलते. एसओसीची जागा तशी आहे, 'जितकं जास्त तितकं बरं' हे गणित इथे लागत नाही. 'ऑटो'वरही विसंबू नये. २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर जळाले, तेव्हा बोर्डांनी एसओसीला दिलेलं जास्तीचं व्होल्टेज चर्चेत आलं आणि एएमडीला १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली.

ग्राफिक्सचा वेग मग २००० पासून पन्नास-पन्नासने. जिथे पहिल्यांदा रंग उडाले किंवा ४१०१ ची नोंद आली, तिथून शंभर मागे. पन्नास मागे घेऊन समाधान मानणारे एप्रिलमध्ये परत येतात. कोरचं ओव्हरक्लॉक मात्र या मशीनवर करूच नये असं स्पष्ट सांगतो. गेम अडतो तो ग्राफिक्सवर आणि रॅमवर, कोर आधीच मोकळे असतात. त्यांना जास्त वीज दिली की ८८ वॅटच्या त्याच ताटातला ग्राफिक्सचा घास कमी होतो.

ओव्हरक्लॉकशी संबंध नसलेली दोन कारणं हाताशी असावीत. बायोसमध्ये ग्राफिक्ससाठी राखून ठेवायची मेमरी 'ऑटो'वर असली की बऱ्याचदा ५१२ एमबी मिळते, आणि काही गेम तेवढी बघून सुरूच होत नाहीत किंवा मध्येच मरतात. १६ जीबीच्या मशीनवर २ जीबी द्यावी. ८ जीबीच्या मशीनवर २ दिली तर विंडोजला सहाच उरतात, त्यात कुणी 'वेग वाढतो' म्हणून पेज फाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा) बंद केलेली असली की मशीन मेमरी संपून पडतं, आणि नाव येतं ओव्हरक्लॉकचं. दुसरं, ड्रायव्हर. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर पुसायच्या साधनाने जुना पूर्ण पुसायचा, त्या वेळी इंटरनेट बंद, नाहीतर विंडोज अपडेट मधल्या मधे आपला ड्रायव्हर घुसवतं. बायोस अद्ययावत करणंही फायद्याचं, पण ओव्हरक्लॉक काढल्यावर आणि यूपीएसवरच.

दिसतं एक आणि असतं दुसरंच, याचा सगळ्यात गाजलेला दाखला इंटेलचा आहे. तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरवर गेम सुरू होताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश येऊन बंद पडायचे. मशीनमध्ये भलीमोठी ग्राफिक्स कार्डं, भरपूर मेमरी. लोकांनी कार्डं बदलली, ड्रायव्हर बदलले. दोष प्रोसेसरमध्ये होता. जास्त व्होल्टेज आणि उष्णतेने आतला एक भाग झिजत होता आणि गेमच्या फाइल उलगडताना हिशेब चुकत होता. २०२४ मध्ये इंटेलने कारण जाहीर केलं, मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आत चालणाऱ्या सूचनांच्या, दुरुस्त्या दिल्या, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झिजलेले प्रोसेसर मात्र दुरुस्तीने परत आले नाहीत, ते बदलूनच द्यावे लागले.

रॅमचा दोष निघाला आणि दुरुस्त झाला की एक काम उरतं आणि ते विसरलं जातं. खराब रॅमवर चाललेल्या दिवसांत ज्या फाइल लिहिल्या गेल्या, त्यांत चुका शिरलेल्या असू शकतात. विंडोजचा सिस्टीम फाइल चेकर चालवायचा, महत्त्वाच्या फाइल उघडून बघायच्या. म्हणूनच मार्केट यार्डातल्या अडत दुकानाच्या टॅलीच्या मशीनवर, जिथे हळदीच्या सौद्यांचे हिशेब आहेत, एक्सएमपीसुद्धा चालू नसावं. बंद पडणारं मशीन परवडलं, ते निदान सांगून बंद पडतं. न पडता एखादा आकडा बदलून ठेवणारं मशीन मार्चअखेरीला सापडतं.

एक वही मात्र हवी, दोनशे पानी नको, चाळीस पानी पुरते. तारीख, खोलीचं तापमान, बदललेला एकच आकडा, कुठली चाचणी, किती मिनिटं, निकाल. खोलीच्या तापमानाचा रकाना उगाच वाटतो. डिसेंबरात खोली बावीस अंशांवर असते तेव्हा पास झालेलं मशीन एप्रिलात, बाहेर चाळीस आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त असताना, त्याच आकड्यांवर पंधरा-वीस अंश अधिक गरम चालतं. त्यामुळे हिवाळ्यात 'झालं एकदाचं' म्हणून वही मिटू नये. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी अडीचला, खोलीतला पंखा बंद करून, तीच एका तासाची जोड-चाचणी पुन्हा लावायची.